टीप देणारा खरंच जाणकार आहे का? घोड्यांच्या २८ शर्यती आणि एक वही

मार्च महिना. हरभरा निघालेला असतो, बाजार समितीतून थोडेफार पैसे हातात आलेले असतात आणि संध्याकाळी मोबाइलवर मेसेज येतो: "आज चेल्टनहॅम. तीन घोडे शंभर टक्के. काल चारपैकी तीन आले. आजच ग्रुप जॉइन करा."

लोणारजवळच्या सुलतानपुरात बसलेल्या माणसाने चेल्टनहॅम हे गाव कधी ऐकलेलं नसतं. महाराष्ट्रात घोड्यांच्या शर्यती म्हटलं की आठवतं ते मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स आणि पुण्याचं रेसकोर्स. दोन्ही रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो आणि दोन्ही बुलढाणा जिल्ह्यापासून शेकडो किलोमीटर लांब आहेत. पण टेलिग्राम आणि व्हॉट्सअॅपला अंतर नसतं. डर्बीच्या रविवारी मुंबईची टीप येते, मार्चमध्ये इंग्लंडची येते, आणि दोन्हीकडे दावा एकच असतो: आम्हाला आतली माहिती आहे.

हा दावा खरा की खोटा, हे पैसे न लावता तपासता येतं का? येतं. त्यासाठी एक वही, थोडा संयम आणि शाळेतलं गणित पुरतं. आधी हा सगळा प्रकार काय आहे ते समजून घेऊ.

टीप कोण देतो?

शर्यतीच्या आधी "हा घोडा जिंकेल" असं सांगणं म्हणजे टीप. ती देणाऱ्याला टिप्स्टर म्हणतात. टिप्स्टर तीन प्रकारचे असतात. पहिला वर्तमानपत्रातला. तो घोड्यांच्या मागच्या शर्यती, वजन, जॉकी, ट्रेनर आणि सकाळच्या सरावाच्या वेळा पाहून प्रत्येक शर्यतीसाठी आपली निवड छापतो. दुसरा रेसकोर्सवरचा, ज्याची तबेल्यात ओळख असते किंवा असल्याचं तो सांगतो. तिसरा मोबाइलवरचा, ज्याचं नाव-गाव आपल्याला माहीत नसतं.

पहिल्याची एक गोष्ट चांगली असते. त्याने काय सांगितलं ते शर्यतीच्या आधी छापलेलं असतं आणि नंतर पुसता येत नाही. ब्रिटनमध्ये टिप्स्टर रोज आपला सर्वात खात्रीचा एक घोडा सांगतो. त्याला तिथे 'नॅप' म्हणतात. सगळ्या वर्तमानपत्रांच्या टिप्स्टरांचे नॅप एका तक्त्यात मांडतात आणि प्रत्येक नॅपवर एकेक पौंड लावला असता तर हंगामात किती नफा किंवा तोटा झाला असता, ते जाहीर करतात. मोबाइलवरच्या टिप्स्टरचा असा तक्ता कुठेच नसतो. हरलेल्या घोड्याचा मेसेज रात्रीत डिलीट होतो आणि जिंकलेल्याचा स्क्रीनशॉट महिनाभर फिरतो.

चेल्टनहॅममध्ये असतं काय?

आपल्याकडे महालक्ष्मीवर आणि पुण्यात होणाऱ्या शर्यती सपाट मैदानावरच्या असतात. १९४३ मध्ये सुरू झालेली इंडियन डर्बी त्यातली सर्वात मानाची. चार वर्षांचे, भारतात जन्मलेले घोडे २,४०० मीटर धावतात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये हिवाळाभर दुसरा प्रकार चालतो. त्यात घोड्याला वाटेतले अडथळे उडी मारून पार करावे लागतात. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात १७५२ मध्ये दोन घोडेस्वारांनी एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेत येईल ते कुंपण ओलांडत पैज लावली, तिथून हा प्रकार सुरू झाल्याचं सांगतात. मनोऱ्याला इंग्रजीत 'स्टीपल' म्हणतात, म्हणून या शर्यतीचं नाव 'स्टीपलचेस'.

या प्रकाराची सर्वात मोठी जत्रा म्हणजे चेल्टनहॅम फेस्टिव्हल. मार्चच्या मध्यात मंगळवार ते शुक्रवार असे चार दिवस, रोज सात, म्हणजे एकूण २८ शर्यती. शेवटच्या दिवशी गोल्ड कप असतो. सुमारे सव्वापाच किलोमीटर आणि २२ अडथळे. तिथे दुपारी सुरू होणाऱ्या शर्यती आपल्याकडे संध्याकाळी आणि रात्री पाहता येतात.

उड्यांच्या शर्यतीत एक जास्तीची अनिश्चितता असते. घोडा सर्वात वेगवान असूनही पडू शकतो. २०२५ च्या चॅम्पियन हर्डलमध्ये हेच दिसलं. कॉन्स्टिट्यूशन हिल या घोड्यावर सगळ्यांचा इतका विश्वास होता की दोन रुपये लावले तर एकच रुपया जिंकता येईल, असा त्याचा भाव होता. तो अर्ध्यातच पडला. मग स्टेट मॅन आघाडीवर आला आणि जिंकणार असं वाटत असताना शेवटच्या अडथळ्यावर तोही पडला. जिंकली गोल्डन एस नावाची घोडी. तिचा भाव होता एकास पंचवीस.

आता विचार करा. कॉन्स्टिट्यूशन हिल सांगणारा टिप्स्टर अडाणी होता का? नाही. आणि गोल्डन एस सांगणारा कुणी असेल तर त्याला पुढचे दोन घोडे पडणार हे आधीच कळलं होतं का? तेही नाही. एका शर्यतीच्या निकालावरून टिप्स्टरची जाण ठरवता येत नाही.

भाव म्हणजे काय?

टीप तपासायची तर घोड्याच्या आधी भाव समजायला हवा. एकास चार म्हणजे १०० रुपये लावले आणि घोडा जिंकला, तर ४०० रुपये जिंकीचे आणि आपले १०० परत, एकूण ५०० हातात.

समजा सहा घोडे अगदी तुल्यबळ आहेत. प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता सहातली एक. मग रास्त भाव झाला एकास पाच. पण बुकी प्रत्येक घोड्याला एकास चारच देतो. तुम्ही सहाही घोड्यांवर १००-१०० रुपये लावले तर ६०० जातील. जिंकणारा घोडा तुमच्याकडे असणारच, पण हातात येतील ५००. उरलेले १०० बुकीचे. भाव असेच ठरवलेले असतात, कोणताही घोडा आला तरी बुकीचा वाटा सुटत नाही.

म्हणून "कोण जिंकेल?" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा बरोबर येऊनही माणूस हरतो. खरा प्रश्न असा आहे: या घोड्याची शक्यता भावात दिसते त्यापेक्षा जास्त आहे का? विदर्भात शंकरपट पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. जोडी कोणती पळणारी आहे हे पटावरच्या जुन्या माणसाला दिसतं. पण ते त्याच्या शेजारच्या दहा जणांनाही दिसत असतं. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीला भाव मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. टिप्स्टर हा निकाल आवर्जून सांगतात. निकाल आहेच. पण शर्यतीत कौशल्य लागतं याचा अर्थ आपल्याला मेसेज पाठवणाऱ्याकडे ते आहे असा होत नाही.

"२८ पैकी ८ आले" हे चांगलं की वाईट?

चार दिवस दोन टिप्स्टरांच्या मागे राहिलो असं समजू. प्रत्येक शर्यतीत एक टीप, प्रत्येक टिपेवर कागदावर १०० रुपये. एकूण २,८०० रुपये लागले.

पहिला टिप्स्टर बहुतेक वेळा लोकांच्या पसंतीचाच घोडा सांगतो. त्याचे ८ घोडे आले, सरासरी भाव एकास दोन. हातात आले ८ गुणिले ३००, म्हणजे २,४००. तोटा ४०० रुपये.

दुसरा मागचे घोडे सांगतो. त्याचे फक्त ३ आले, पण भाव एकास बारा. हातात आले ३ गुणिले १,३००, म्हणजे ३,९००. नफा १,१०० रुपये.

जाहिरात मात्र पहिल्याची चांगली होईल. "चार दिवसांत आठ विनर" हे ऐकायला भारी वाटतं. ब्रिटनमध्ये एकूण शर्यतींपैकी साधारण तीनातली एक फेव्हरिट घोडा जिंकतो, म्हणजे काही न वाचता फेव्हरिटचं नाव सांगत राहिलं तरी बरेच 'विनर' सापडतात. म्हणून किती आले हे विचारू नका. एकूण किती लागले आणि किती परत आले, हे विचारा.

मग दुसरा टिप्स्टर जाणकार ठरला का?

इतक्यात नाही. त्याचे तीनऐवजी दोन घोडे आले असते तर हातात २,६०० आले असते आणि २०० रुपयांचा तोटा झाला असता. एका घोड्याने, कदाचित शेवटच्या अडथळ्यावरच्या एका उडीने, नफ्याचा तोटा होतो.

आता समजा दुसऱ्या टिप्स्टरला काहीच कळत नाही. तो डोळे मिटून असे घोडे निवडतो ज्यांचा भाव एकास बारा आहे, पण बुकीचा वाटा धरून खरी शक्यता सोळातली एकच आहे. अशा माणसाचे २८ पैकी तीन किंवा अधिक घोडे येण्याची शक्यता किती? हिशोब केला तर साधारण २५ टक्के. म्हणजे काहीही न कळणाऱ्या शंभर माणसांनी चार दिवस टिपा दिल्या, तर त्यातले पंचवीसेक जण नफ्यात दिसतील. पुढच्या वर्षी ग्रुपची जाहिरात हेच पंचवीस जण करतील. उरलेले पंच्याहत्तर गप्प बसतील किंवा नवीन नावाने ग्रुप उघडतील.

तोच माणूस सलग चार वर्षं नशिबाने नफ्यात राहण्याची शक्यता मात्र अडीचशेत एक इतकी कमी होते. म्हणून एक जत्रा पुरत नाही. निदान काही शे टिपांचा हिशोब लागतो.

७,७७६ लोकांना पाठवलेली टीप

हे नशीब मुद्दाम तयारही करता येतं. ब्रिटिश जादूगार डेरेन ब्राउन याने २००८ मध्ये टीव्हीवरच्या 'द सिस्टिम' या कार्यक्रमात ते करून दाखवलं. एका बाईला अनोळखी माणसाकडून शर्यतीच्या टिपा येतात आणि सलग पाच घोडे जिंकतात. तिला वाटतं, याच्याकडे काहीतरी पद्धत आहे.

पद्धत अशी होती. सुरुवातीला ७,७७६ लोकांना टीप पाठवली. शर्यतीत सहा घोडे होते, म्हणून लोकांचे सहा गट केले आणि प्रत्येक गटाला वेगळा घोडा सांगितला. एक घोडा जिंकला, १,२९६ लोकांची टीप बरोबर आली. बाकीच्यांना सोडून दिलं. पुढच्या शर्यतीत पुन्हा सहा गट, उरले २१६. मग ३६, मग ६, मग एक. त्या एका बाईच्या दृष्टीने पाचपैकी पाच टिपा बरोबर होत्या. हरलेले ७,७७५ लोक तिला दिसतच नव्हते.

आज हे करायला टीव्ही कंपनी लागत नाही. सहा टेलिग्राम ग्रुप उघडायचे, प्रत्येकात वेगळा घोडा टाकायचा, जो चुकला तो ग्रुप बंद करायचा. तुमच्या ग्रुपवर सलग तीन घोडे आले असतील तर बाकीच्या ग्रुपांवर काय आलं होतं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

टीप खरी असली तरी?

समजा टिप्स्टर प्रामाणिक आहे आणि जाणकारही आहे. तरी दोन अडचणी उरतात.

पहिली भावाची. रेसकोर्सवरच्या टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका खात्यात जमतात, क्लब आणि सरकारचा वाटा कापला जातो आणि उरलेले पैसे जिंकणाऱ्यांत वाटले जातात. समजा खात्यात एक लाख रुपये आहेत, कापून ८०,००० उरतात आणि आपल्या घोड्यावर १०,००० लागले आहेत. घोडा आला तर रुपयाला आठ रुपये मिळतील. आता टीप फुटली आणि ग्रुपवरच्या लोकांनी त्याच घोड्यावर आणखी ३०,००० लावले. खातं झालं १,३०,०००, कापून उरले १,०४,०००, आणि ते वाटायचे ४०,००० वर. रुपयाला मिळतील दोन रुपये साठ पैसे. घोडा तोच, शक्यता तीच, पण टीप हजार जणांना सांगितल्यामुळे तिची किंमत संपली. बुकीकडेही हेच होतं. सकाळी टीप आली तेव्हाचा एकास दहाचा भाव दुपारी एकास पाच झालेला असतो, आणि टिप्स्टर मात्र आपल्या हिशोबात दहाच लिहितो.

दुसरी अडचण सगळ्यांनी एकाच बाजूला झुकण्याची. १० मार्च २०१५ रोजी चेल्टनहॅमच्या पहिल्या दिवशी ट्रेनर विली मलिन्स आणि जॉकी रूबी वॉल्श यांचे चार घोडे फेव्हरिट होते. बहुतेक टिप्स्टरांनी तेच सांगितले आणि हजारो लोकांनी चारही घोड्यांची साखळी लावली: चारही आले तर मोठा पैसा, एक चुकला तर सगळा गेला. पहिले तिन्ही आले. चौथी घोडी अॅनी पॉवर शेवटच्या अडथळ्यापर्यंत पुढे होती आणि तिथे पडली. त्या एका उडीत बुकींचे कोट्यवधी पौंड वाचले. गंमत म्हणजे ती शर्यत जिंकणारी ग्लेन्स मेलडी हीसुद्धा मलिन्सच्याच तबेल्यातली. तबेल्याबद्दलचा अंदाज बरोबर होता, तरी पैसे गेले.

वही कशी ठेवायची?

पुढच्या डर्बीला किंवा पुढच्या मार्चमध्ये टीप आली, तर एक रुपयाही न लावता हे करून पाहा.

वहीच्या पानावर सात रकाने आखा: तारीख आणि शर्यत, टिप्स्टर, घोडा, टीप आली ती वेळ, त्या वेळी मिळणारा भाव, निकाल, आणि नफा-तोटा. मग पाच नियम पाळा.

१. प्रत्येक टीप शर्यतीच्या आधी लिहा. नंतर सांगितलेली टीप धरायची नाही.

२. प्रत्येक टिपेवर सारखीच रक्कम धरा, समजा १०० रुपये. "यावर जोरात लावा" असं नंतर सांगून हिशोब फिरवता येऊ नये.

३. टिप्स्टरने सांगितलेला भाव लिहू नका. टीप तुमच्यापर्यंत पोहोचली त्या क्षणी प्रत्यक्ष मिळणारा भाव लिहा.

४. शेजारी एक जास्तीचा रकाना ठेवा: प्रत्येक शर्यतीत नुसत्या फेव्हरिटवर १०० रुपये लावले असते तर काय झालं असतं? टिप्स्टर यापेक्षा सरस नसेल तर त्याची गरज काय?

५. ग्रुपची फी असेल तर ती खर्चात धरा. महिन्याला २,००० रुपये फी आणि १०० रुपयांच्या वीस टिपा, म्हणजे प्रत्येक टिपेवर लावलेल्या रकमेइतकीच फी झाली.

बहुतेक ग्रुप पहिल्या दोन नियमांतच गळतात, कारण टीप मोघम असते: "दोन नंबर किंवा पाच नंबर, सातवर लक्ष ठेवा." तीन घोडे सांगितले तर ती तीनशे रुपयांची पैज आहे, तशीच लिहा.

टिप्स्टरची कमाई कुठून होते, हेही एका कोपऱ्यात लिहून ठेवा. त्याला घोडे कळत असते तर त्याने फी का घेतली असती, हा साधा प्रश्न आहेच. शिवाय परदेशात अनेक टिप्स्टरांना बेटिंग कंपन्या कमिशन देतात. त्यांनी आणलेला ग्राहक जितका हरेल, तितका टिप्स्टरचा वाटा वाढतो.

आपल्याकडे कायदा आणि कर काय सांगतो?

महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे. त्यातून घोड्यांच्या शर्यतीला सवलत आहे, पण ती परवाना मिळालेल्या रेसकोर्सच्या ठरलेल्या जागेपुरती आणि परवान्यातल्या व्यवस्थेपुरती. गावातल्या पानटपरीवर किंवा फोनवरून बुकीकडे लावलेली पैज त्यात बसत नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली आहे. त्यामुळे "या अॅपवर चेल्टनहॅम खेळा" असं सांगणारा मेसेज आला, तर पैसे अडकल्यावर तक्रार कुणाकडे करणार, याचा आधी विचार करा. फसवणूक झालीच असेल तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

कायदेशीर पैजेवरही कर मोठा आहे. घोड्यांच्या शर्यतीवरच्या पैजेवर पूर्ण दर्शनी रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. म्हणजे १०० रुपयांच्या पैजेवर ४० रुपये कर, घोडा सुटायच्या आधीच. जिंकलात तर त्या रकमेवर ३० टक्के दराने आयकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत.

वर दुसऱ्या टिप्स्टरने कागदावर १,१०० रुपये नफा दाखवला होता. २,८०० रुपयांच्या पैजांवर ४० टक्के म्हणजे १,१२० रुपये कर. नशिबाने आलेला चांगला आठवडासुद्धा असा वीस रुपये तोट्यात जातो, आणि आयकर अजून भरायचाच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी "शंभर टक्के" असा मेसेज आला, तर त्या माणसाला एकच गोष्ट मागा: मागच्या वर्षी दिलेल्या सगळ्या टिपा, तारीख आणि भावासह, हरलेल्या धरून. ती यादी आली तर वहीत उतरवून बेरीज करा. बहुतेक वेळा यादी येत नाही, तुम्हालाच ग्रुपमधून काढून टाकलं जातं. शर्यती मात्र पाहायला हरकत नाही. बावीस अडथळे पार करून चढावर शेवटचा दम लावणारा घोडा पैसे न लावताही तितकाच देखणा दिसतो.